पुसू नका

खात्याचं पत्र आलं तेव्हा मी चुलीपाशी होते.
घोड्यावरून आलेला माणूस, ओलं ब्लँकेट, पाकिटावर शिक्का.
मागचे मुख्याध्यापक न्ताते मोहापी असते
तर ते पत्र खणात गेलं असतं,
खणाला कुलूप, किल्ली खिशात,
आणि लेसोथोच्या या डोंगरात आठ दिवसांत
एका पत्राची आठ पत्रं झाली असती:
शाळा बंद, शाळा विकली, स्वयंपाकीण काढली.

म्मे पुलेंगनं पाकीट उभ्या उभ्या फोडलं.
वाचलं. खाली बसली. पुन्हा वाचलं.
मला म्हणाली, घंटा दे.
आत्ता, अवेळी?
अवेळीच.

आमच्याकडे गावसभेला पित्सो म्हणतात.
माझा बाप सांगायचा, पित्सोत
म्हाताऱ्याचं बोलणं संपेपर्यंत
सरदारही खोकत नाही.
पण शाळेत पित्सो?
मास्तर एकमेकांच्या बुटांकडे बघत होते.

तिनं पत्र वाचलं, स्वल्पविरामासकट.
नदीपल्याडची शाळा आणि आपली एक होणार.
मुख्याध्यापक एकच राहील.
"तो मीच, असं यात लिहिलेलं नाही."
वाऱ्यानं कागद फडफडला, तिनं अंगठ्यानं दाबला.

गणिताचे रामाबांता उठले:
ठरलंय ना सगळं? मग बोलावलंत कशाला?
"एक व्हायचं ठरलंय. कसं, ते नाही ठरलं.
आणि जे मला माहीत नाही
ते माहीत नाही असंच सांगेन."
खरं सांगते, मला ते आवडलं नाही.
मोठ्या माणसानं थोडं खोटं बोलावं,
झोप बरी लागते.

तरी तोंडून निघून गेलं:
जानेवारीत नदी चढते.
पहिलीतली पोरं कोण उचलून नेणार?

तिनं खडू घेतला.
माझा प्रश्न, माझ्याच शब्दांत.
खाली नाव: मालेसेली.
सतरा वर्षं ज्वारीची पेज ढवळतेय,
त्या फळ्यावर माझं नाव कधी आलं नव्हतं.

मग थांबेनात.
दोन चुली की एक? पलीकडचे मास्तर छडी मारतात का?
बकऱ्या राखून येणाऱ्याला उशीर माफ आहे का?
अंधार पडला तेव्हा एकवीस झाले होते.
कोपऱ्यात तिनं लिहिलं: पुसू नका.

दर शुक्रवारी ती एखाद्यापुढे उत्तर लिहायची,
बऱ्याचदा 'नाही' एवढंच.
रामाबांता उरलेल्या वीतभर फळ्यावर
भागाकार शिकवायचे, मुंगीच्या अक्षरात, कुरकुरत.
एका सकाळी बाविसावा प्रश्न होता.
अक्षर मुंगीचं.
माझं काय होणार?
कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी
पोरांनी भागाकार जपून केले.

परवा पलीकडची माणसं आली.
त्यांची स्वयंपाकीण फळ्यापुढे थबकली,
ओठ हलवत वाचत राहिली.
मालेसेली कोण?
मी हात पुसत पुढे झाले.
तिच्या पदराला माझ्यासारखाच धुराचा वास.
म्हणाली, एक पोर मी उचलीन. पण पाणी छातीला आलं तर?
मी तिच्या हातात खडू दिला.

त्या दिवशी पेज जरा करपली.