खोगीर

पाळणा या घरचा. बेशिक म्हणतो आम्ही.
त्यात नवरा वाढला, त्याआधी सासरा,
कडांना किती पोरांच्या लाळेची चकाकी.
बाळ त्यात पट्ट्यांनी बांधायचं, हात सरळ, पाय सरळ,
आणि आईनं वरून वाकायचं,
आडात डोकावावं तसं.

मी वाकले. तीन महिने वाकले.
पान्हा माझा असा, की येताना विचारत नाही.
एल्चिबेकनं तोंड लावलं की धारच सुटायची
आणि आडव्या गळ्यात मावायची नाही.
ठसका. मग नाकातून दूध.
मग ओठांवर तो निळसर रंग,
एकदा पाहिला की भिंतीवर, बर्फावर, कुठेही दिसतो.

शेजारची काल्बूबू म्हणाली, दृष्ट आहे.
आर्चाच्या फांदीचा धूर केला, मग दोघंही खोकलो.
कुणी म्हणालं, हिचं दूधच पातळ.
नवरा याकुत्स्कहून फोनवर म्हणाला, डॉक्टरला दाखव,
त्याच्यामागे कुणीतरी लोखंड कापत होतं,
पुढचं ऐकूच आलं नाही.

म्हणून नारीनहून निघाले, बिश्केकला.
दोलोनच्या घाटात गाडी अडली.
पुढे ट्रक आडवा, मागे बर्फ,
आत नऊ माणसं, एक मेंढी,
काचांवर सगळ्यांचा मिळून एकच श्वास.

तो रडायला लागला.
पाळणा घरी. आडवं घ्यावं तर
डावीकडच्या बाईच्या मांडीवर बटाट्यांचं पोतं,
उजवीकडे दार, आणि दारातून वारा.
मग उभाच धरला त्याला.
माझ्या एका मांडीवर, दोन बाजूंना दोन पाय,
पोटाला पोट,
मानेखाली माझा तळवा, डोकं मात्र मोकळं.
आणि मी पाठ टेकली.
तीन महिन्यांत पहिल्यांदा
पाजताना माझी पाठ कशाला तरी टेकली.

ड्रायव्हरनं, जिर्गालबेक त्याचं नाव,
आरसा छताकडे फिरवला, काही न बोलता.

धार सुटली. मी श्वास धरला.
तो थांबला.
स्वतःच मान मागे घेतली,
हनुवटीवरून थोडं ओघळू दिलं,
गिळलं,
आणि पुन्हा आला.
पुन्हा थांबला. पुन्हा आला.
मला कळेना, हे त्याला कुणी शिकवलं,
मग कळलं, शिकायला फक्त जागा हवी होती.

पुढच्या सीटवरचा म्हातारा
मेंढीच्या कानाशी बोलावं तसं म्हणाला,
"ठसका नाही ऐकू आला.
खोगीर बरं असलं, की लगाम पोराच्या हाती द्यावा."
वळून पाहिलं नाही त्यानं.

बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, घसा पाहिला,
म्हणाल्या, असंच बसवून पाजत जा.
फी घेतली ती वेगळी.

घरी सासूबाई दोन दिवस नुसत्या बघत होत्या.
ओठ मिटलेले, हातात न विणलेली लोकर.
तिसऱ्या दिवशी कोळशाची बादली रिकामी करून
पालथी घातली माझ्या पायांखाली.
गुडघा वर आला. बाळही वर आलं, नेमकं तोंडाशी.
मग कमरेमागे नमद्याची घडी सरकवली,
काढली, पुन्हा घडी घालून जाड केली, सरकवली.
"पाच पोरं," त्या म्हणाल्या.
पाळण्याच्या दांडीवर हात ठेवून उभ्या,
म्हणजे जितकं उभं राहता येतं तितक्या.
"मला वाटायचं, माझी पाठ गाईंनी नेली."

रात्री तो झोपतो बेशिकमध्येच.
झोप आडवी, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.
पहाटे मात्र मांडीवर चढतो, पितो,
मध्येच सोडून मागे वळतो,
ओली हनुवटी, अर्धा दूध, अर्धा खोलीत,
आणि बादली, शेगडी, सासूबाईंची लोकर,
खिडकीबाहेर बांधलेला तांबडा घोडा,
सगळ्यांवर नजर फिरवून
परत येतो.
घोड्यावर नजर जरा जास्त थांबते.