अर्धा मार्क

कोलबाडच्या उतारावर आठवलं,
पेपर देऊन वीस मिनिटं झाल्यावर:
मागे वि लागला की क्री आत्मनेपदी.
मी लिहून आले विक्रीणाति.

चित्रवर्णन होतं. पाच वाक्यं.
झाडाखाली एक बाई, पुढ्यात टोपली,
आणि बोर्डाची छपाई इतकी काळी
की टोपलीत आंबे होते की वांगी, कळेना.
मी मासे लिहिले.
माता मत्स्यान् विक्रीणाति।
खाली रेघ मारली, पुरवणीला दोरा बांधला.

आठल्ये बाई तीन वर्षं सांगत होत्या:
परस्मै म्हणजे दुसऱ्यासाठी, आत्मने म्हणजे स्वतःसाठी.
फळ कुणाच्या पदरात पडतं
ते क्रियापदाची शेपटी सांगते.
मग खडू झटकून म्हणायच्या,
अर्थात, हे आता कोण बघतंय. पाठ करा.

विकणं स्वतःसाठी, हा नियम ज्यानं केला
तो चेंदणीच्या बाजारात बसला नसावा.
आईची पाटी रिकामी होते
तेव्हा पापलेटं लिफ्टच्या घरांत पोचलेली असतात,
आमच्या ताटात मोडके बोंबील
आणि माझ्या कंपासपेटीत
खवल्याचा वास असलेली पन्नासची नोट.

अकरावीचा फॉर्म अर्धा भरून ठेवलाय.
सायन्स. त्याखाली विचारतात,
दुसरी भाषा की आयटी?
हेमल वहिनी म्हणते, अठ्ठ्याण्णव पडले की काम झालं,
माळ्यावर चढल्यावर शिडी कोण वागवतं?
बाबा काही म्हणत नाहीत. बसच्या वर्कशॉपमधून येतात,
नखांतलं ग्रीस काडीनं काढत बसतात.
आर्ट्स हा शब्द आमच्या घरात
अजून कुणी मोठ्यानं उच्चारलेला नाही.
मीही नाही.

रात्री झोप येईना, तर धातू आठवत बसले.
लभते. मिळवणं ज्याचं त्याचं.
म्रियते. तेही.
मन्यते, मनातल्या मनात.
पण पठति परस्मैपदी.
वाचणारा वाचतो आणि फळ दुसरीकडे जातं.
कुठे, ते बाईंनी सांगितलं नव्हतं.
मी विचारलंही नव्हतं. परीक्षेत येत नाही ते.

सकाळी आई बर्फ फोडत होती.
काय लिवलास गो एवढा, म्हणाली.
तुझ्यावर एक वाक्य लिहिलंय.
चुकलं. अर्धा मार्क जाईल.
अर्ध्यापाठी काय रडतंस, ती म्हणाली,
मी रोज दहा-दहा रुपये सोडतंय.
मग हातातला दगड खाली ठेवून,
बोल बघू कसा हाय तो.

बरोबर रूप जिभेवर आलं होतं.
मी चुकीचंच म्हटलं,
सावकाश, विसर्ग-अनुस्वारासकट म्हणतात तसं,
आणि तिनं पाटी डोक्यावर घेता घेता
ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

फॉर्मची मुदत गुरुवारपर्यंत आहे.