लांब बघा

बोटीवरून उतरून तीन दिवस झाले,
चाळीसगावच्या स्टँडवरचा फलाट
अजून किंचित डुलतो माझ्या पायाखाली.
कँटीनवाला जिभाऊ चहा ठेवत विचारतो,
"काय व्हयनं, आण्णा?"
काही नाही रे,
डांबराला भरती आलीय.

एकतीस वर्षं मी कन्नडच्या घाटात तिकिटं दिली.
वळणं सुरू झाली की एखादी नवी सून
खिडकीच्या गजाला कपाळ टेकायची,
एखादं पोर आईच्या पदरात रिकामं व्हायचं
आणि आई आधी पोराकडे नाही,
माझ्याकडे बघायची, चोरासारखी.
माझ्या पिशवीत सुट्ट्या पैशांशेजारी
दोन लिंबं असायची,
जुन्या पेपरचे चौकोनी तुकडे असायचे.
"वाचू नका. शेवटच्या बाकावरून उठा,
पुढे या, दोन चाकांच्या मधे.
उपाशीपोटी निघू नका, तेलकट खाऊनही नको.
आणि मावशी, लांब बघा,
तो डोंगर हलत नाही ना, त्याला धरा डोळ्यांनी."
मला स्वतःला कधी काही झालं नाही.
त्याचा माज होता थोडा,
खोटं कशाला बोलू.

मग योजनाने तिकिटं काढली, लग्नाची चाळिशी म्हणून,
मुंबईहून निघणारी अकरा मजली बोट.
आमच्या गल्लीत सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गिरणा धरण,
तरी सल्ला द्यायला कोणी मागे राहिलं नाही.
उखा टेलर म्हणाला, बेंबीवर हिंग लावा.
मेडिकलवाल्या बाविस्करांनी गोळ्या दिल्या,
एक तास आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर नाही.
कोकिळेने आल्याच्या वड्या केल्या, आवळा वाळवला,
कळण्याच्या कोरड्या भाकरी बांधल्या फडक्यात.
महिनाभर रोज संध्याकाळी
बंगईवर डोळे मिटून बसायची ती,
समुद्राचा सराव.
मी हसायचो.

माझ्या गोळ्या बॅगेतच राहिल्या.

खोली आमची सगळ्यात वर, सगळ्यात पुढे,
देखाव्यासाठी पोरीने जास्त पैसे मोजलेले.
म्हणजे शेवटचं बाक,
फक्त उलट्या टोकाचं.
पहिल्या रात्री पाच प्रकारचं गोड खाल्लं मी.
दुसऱ्या रात्री वारा सुटला,
आणि पलंग, भिंत, भिंतीवरचं चित्र,
सगळं एकमेकांना विचारून हलायला लागलं,
मला सोडून.

एकतीस वर्षांचं सगळं बाहेर आलं, म्हणजे तसं वाटलं.
कोकिळेने तोंड पुसलं.
हीच ती,
लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याच गाडीतून माहेरी निघालेली,
घाट चढेपर्यंत तीनदा उलटी झाली,
आणि मी फक्त लिंबू पुढे केलं होतं,
सगळ्यांना करतो तसं,
मागच्या बाकावरच्याचे सुट्टे द्यायचे होते.
तिने माझा दंड धरला, जिने उतरवले,
खाली, मधोमध, उघड्या हवेत आणलं.
पाण्याचे छोटे छोटे घोट दिले,
भाकरीचा कोरडा तुकडा.
"तठे देखा," म्हणाली, "लांब."
मी म्हटलं, या अंधारात लांब काय असणार?
तिने बोट केलं.
मासेमारी होडीचा एक दिवा होता,
मिणमिणता.
तोही हलत होता,
पण स्वतःच्या चालीने,
आमच्या नाही.
त्याला धरलं.
किती वेळ, घड्याळ पाहिलं नाही.
ती काही बोलली नाही त्या लिंबाबद्दल,
मीही नाही.

सकाळी गोळी घेतली, मुकाट्याने.
मग बरं गेलं.
उडते मासे बघितले, तिने सतरा मोजले,
मी म्हणतो चौदा.

आता साडेपाचची कन्नड गाडी लागलीय,
नवा कंडक्टर दार आपटतो,
खिडकीशी एक पोरगी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलीय.
सांगावं का तिला?
मी खांब धरून उभा राहतो.
कोकिळा पिशवी उचलते, म्हणते, "चला घरी."
थांब जरा,
फलाट अजून किनाऱ्याला लागला नाही.