शंभरात सात

मांडीवरून इनामदार बाईंनी कातडी काढली
शेंगदाण्याच्या सालाएवढी.
"झालं?" मी विचारलं. "झालं," म्हणाल्या,
आणि अर्धा तास तिथे बोट दाबून बसल्या,
कारण माझं रक्त सांगून थांबत नाही.

पाषाणच्या टेकडीखाली एका लॅबमध्ये
ते साल आठ आठवडे वाढलं
गुलाबी पाण्यात, सदतीस अंशांवर.
मी इकडे दापोडीत पंख्याखाली घामाघूम,
आणि माझाच एक तुकडा
माझ्याहून बऱ्या जागी राहत होता.

लुळ्या केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून
त्यांनी त्याला एक वाक्य पाठवलं
जे आमच्या घरात दोन पिढ्या
कुणाला शुद्ध लिहिता आलं नाही.
वसंतमामा त्यापायी गेला,
खडकीत, दाढ काढल्यावर, तिसऱ्या दिवशी.
आई त्याची धाकटी बहीण.
तिने न वाचताच ते वाक्य माझ्या हाती दिलं
आणि मग तीस वर्षं
माझ्या गुडघ्यांवर बर्फ धरत राहिली.
फ्रिजच्या दारात बाटल्या, खाली कोथिंबीर.
सोमवारी सुई, गुरुवारी सुई.

आता डाव्या हातावर पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन.
त्यावर केस येत नाहीत. उन्हात रापत नाही.
कातडीचं काम खरं तर दार लावून बसायचं;
ही रात्रंदिवस आतल्या बाजूला
थेंब थेंब औषध सोडत असते.
रिपोर्ट म्हणतो, शंभरात सात.
शाळेत सात पडले असते तर अण्णांनी सोलून काढलं असतं.
इनामदार बाई पेढे मागतात.

आईला म्हटलं, लोक म्हणे
आपल्या कातड्याचे जोडे करून आईच्या पायात घालतात.
"एवढ्याशात माझा अंगठासुद्धा जायचा नाही,"
ती म्हणाली. "राहू दे तुलाच."
मग त्या चौकोनावर तिने बोट ठेवलं,
दुसऱ्याच्या तान्ह्याला लावावं तसं, बेतानं.
"हे माझ्याकडचं नाही ना?"
"नाही."
"बरं झालं," म्हणाली,
आणि कुकर बंद करायला उठली.

काल विळीवर कैरी चिरली, आयुष्यात पहिल्यांदा,
आणि व्हायचं तेच झालं.
तिने सवयीनं आधी घड्याळ पाहिलं, मग माझं बोट.
नऊ मिनिटांनी थांबलं.
मी फोडींना मीठ लावलं, तिखट लावलं, दोन खाल्ल्या.
ती अजून भिंतीकडेच तोंड करून उभी,
काटा पुढे पुढे चाललेला
आणि मोजायला काही नाही.