पिवळी पेटी

उद्यमबागेत बत्तीस वर्षं मी एकच काम करतोय:
भोकात गेज घालून बघतो.
एक टोक जायला पाहिजे, दुसरं जाता कामा नये.
पहिलं गेलं, दुसरं अडलं, की नग हिरव्या पेटीत.
नाहीतर लाल.
पंपाच्या बॉडीला मी कधी विचारलं नाही,
दहावीला किती होते.

म्हणून तृप्ती मला पर्सेंटाइल समजावायला बसली
तेव्हा चहा गार झाला.
"किती मिळाले ते नव्हे ओ बाबा,
किती जण मागं राहिले ते."
म्हटलं, म्हणजे शेजारचा नग जास्त चांगला निघाला
म्हणून माझा चांगला नग लाल पेटीत?
"हां. तसंच की."

नॉर्मलायझेशन मात्र मला एका दमात कळलं.
तीन पाळ्यांत तीन पेपर, एक सोपा, एक आडमुठा,
मग सगळ्यांचे मार्क एका पातळीला आणायचे.
आमच्यात मे महिन्यात दुपारी लोखंड फुगतं,
सकाळच्या मापाशी त्याची गाठ घालायची तर
वीस डिग्रीचं गणित मधे बसवावं लागतं.
"बघा, तुम्हाला येतंय की," म्हणाली.

हुबळीला सेंटर. सीबीटीवरनं पहाटे पाचची बस,
हिरेबागेवाडीचा टोलनाका झोपेत गेला.
गेटवर घड्याळ काढलं, कानातलं काढलं,
मनगटातला सौंदत्तीचा दोरा
शिपायाच्या कात्रीनं कापला.
सगळं रुमालात बांधून मी समोरच्या झाडाखाली उभा.
चाळीस मिनिटांचा एक भाग, तो संपला की दार बंद.
मागं जाऊन चूक दुरुस्त करता येत नाही,
साच्यात ओतलेल्या रसासारखं.

शहाण्णव पॉइंट चार आले.
शेजारचे कल्लाप्पा म्हणाले, "शहाण्णव टक्के! मग झालंच."
झालं नव्हतं.
दहावीचे किती, बारावीचे किती, डिग्रीचे किती,
नोकरीचे महिने किती;
प्रत्येक कॉलेजचा तराजू वेगळा.
दहावीच्या वर्षी तिला कावीळ झालेली.
बाहेरून नग गुळगुळीत असतो,
मशीनवर वरचं साल निघालं की आतला ब्लोहोल दिसतो,
तसे ते एकाहत्तर टक्के
आठ वर्षांनी वर आले.

एकाच कॉलेजनं बोलावलं. बेंगळूर. टेबलापलीकडे तिघं.
फॉर्मवर राज्य कर्नाटक, मातृभाषा मराठी.
एकानं विचारलं, "म्हणजे तुम्ही नक्की कुठल्या?"
हा प्रश्न आमच्याकडे पाळण्यातच पाठ होतो.
ती म्हणाली, "उद्यमबाग, तिसऱ्या गेटापलीकडे."
"वडील काय करतात?"
"रिजेक्ट करतात."
हसले म्हणे.
मग विचारलं, त्यांच्या कारखान्यातलं रिजेक्शन कमी कसं कराल.
तिनं काय सांगितलं ते मला सांगत नाही.
"तुम्ही चिडाल," एवढंच.

आता वेटिंग लिस्ट. एकेचाळीस.
सोमवारी अडतीस, मग एकोणतीस,
मग पंधरा दिवस नुसतं अकरा.
पुढच्या कुणी दुसरीकडे फी भरली
तरच हिचा नंबर हलणार.
ती ऑटोनगरात परत कामाला जाते,
डबा उघडायच्या आधी फोन उघडते.
तिची आई नंबर विचारत नाही,
भाकरी अजून एक घालू काय, विचारते.

आमच्याकडे पिवळी पेटीपण असते.
हिरवी नव्हे, लाल नव्हे. होल्ड.
साहेब बघतील, गिऱ्हाइकाला विचारतील, मग ठरेल.
इतकी वर्षं मी तिच्याकडे पाठ करून बसलो.
हल्ली पाळी सुटताना एक फडकं तेलात बुडवतो
आणि तिच्यातला एकेक नग पुसून ठेवतो.
नुसत्या थांबलेल्या लोखंडाला
गंज लवकर चढतो.