चौकट क्रमांक सतरा

मार्डीच्या माळावर, थांब्यापासून दीड कोस आत,
एक मीटर लांब, एक मीटर रुंद जमीन
वीस मिनिटं माझ्या मालकीची असते.
चार खिळे, भोवती सूत:
बापाच्या मागावरचं, टॉवेलच्या काठाचं,
लाल, न विटणारं.

गुडघे टेकायचे आणि मोजायचं.
कुसळी एकोणीस ठोंब. पवन्या तीन.
मारवेल एक, तोही शेळीनं खुडलेला.
उघडी माती, अंदाजे तीस टक्के.
अंदाज माझा. ऊन दुपारचं.

भिंगही त्याचंच, पितळेचं, घडी होणारं.
त्यातून तो इंचातले धागे मोजायचा
कारखान्याच्या पिवळ्या दिव्याखाली, ओठ न हलवता.
माग किलोच्या भावानं गेला.
भिंग शर्टाच्या खिशात राहिलं, तसंच माझ्याकडे आलं.
आता त्यात कुसळीची शेपटी दिसते,
ओल लागली की पीळ सोडत
बियाणं मातीत फिरवत नेणारी.
घरी आमच्या सगळ्याच गवताला एक शब्द, गड्डी.
आई विचारते, गड्डी मोजायचे पैसे देतात होय?
देतात, म्हणते.
सहा महिने उशिरा, हे सांगत नाही.

मायाप्पा सलगर एका पायावर उभा असतो,
दुसरा काठीला टेकवून.
वाटेत लांडग्याची विष्ठा त्यानंच दाखवली,
वाळून पांढरी झालेली, केसांची.
काडीनं फोडली, दोन दात वेगळे केले,
तळहातावर धरून म्हणाला, उंदीर.
वर म्हणाला, ह्या खेपेला माझं कोकरू न्हाई.

आणि वारुळाच्या कडेला
हे एक उभं आहे, वीतभर,
मिटलेल्या छत्रीसारखं, खरबरीत.
बोट लावलं तर काळपट भुकटी उडाली.
मी हरखून विचारलं, मायाप्पा, ह्याला काय म्हणता?
वही उघडी, पेन तयार.
तो वाकला. बघितलं. परत सरळ झाला.
खायचं न्हाई.
नाव?
खायचं न्हाई म्हटल्यावर नाव कशाला?
लिहिलं: अळिंब, अनोळखी, एक.
शेजारी माझा अंगठा उमटला, भुकटीचा.
तो पुसत नाही मी. नमुनाच आहे.

शेवटचा रकाना माळढोकाचा.
चौकटीत तो कुठला मावायला,
पण फॉर्ममध्ये आहे, म्हणून उभं राहून
दुर्बीण चारी दिशांना फिरवायची.
पूर्वेला काळविटांची मादी आणि दोन पाडसं.
उत्तरेला गिरिपुष्पाची सरळ रांग,
माळाला ओसाड समजून कोणीतरी लावलेली.
पश्चिमेला पवनचक्की. दक्षिणेला आमचीच सावली.
तीन पावसाळे मी इथे शून्य लिहिते आहे,
नीट जोडून, तोंड मिटवून,
कारण उघडं राहिलं तर
आकडे संगणकात भरणारा मुलगा त्याला सहा समजतो.
एकदा खरंच समजला होता.
सहा माळढोक! पुण्याहून फोन आला होता, आनंदाचा.

मायाप्पा खांद्यावरून वाकून बघतो.
न्हाई लिवा की. शून्य कशाला?
मी सांगते, शून्य म्हणजे आम्ही आलो होतो,
बघितलं होतं. न लिहिणं वेगळं.
तो बराच वेळ माळाकडे बघतो.
लहानपणी त्यानं पाहिलाय, बापासोबत, बाजरीच्या कडेला;
किती मोठा, ते हात पसरून दर वेळी वेगळं दाखवतो.
मग म्हणतो,
जरा मोठं काढा की मग ते.

काढते.
खिळे उपटते, सूत गुंडाळते, कोपरापासून अंगठ्यापर्यंत,
आठ फेरे, घरी बायका गुंडाळायच्या तसं.
सतरा नंबर पुन्हा नुसता माळ होतो.

सोलापूरच्या गाडीत खिडकीशी बसून
मोज्यात रुतलेली कुसळं उपटत राहते.
ताई, खाली कचरा करू नका, कंडक्टर म्हणतो.
बरं, म्हणते, आणि मूठ खिडकीबाहेर उघडते
कारंब्याच्या अलीकडे, डांबराच्या कडेला.
अकरा होती.
मोजली सवयीनं. कुठे लिहिली नाहीत.