ळ कापताना

सांगलीत उतरून आज सहावा दिवस
आणि मी अजून अकराला उठते.
आई म्हणते, तुझं घड्याळ तिकडंच राहिलंय,
मागवून घे की पार्सलनं.

गणपती पेठेमागच्या बोळात अण्णांचं दुकान.
एक दार, एक ऐरण,
भिंतीवर पुराच्या दोन रेघा,
वरची एकोणीसची, माझ्या कपाळाच्याही वर चार बोटं.
हळदीच्या पोत्यांवर नावं उठवायचे पत्रे
अण्णा कापतात, तेलाचे डबे उलगडून, ठोकून.
पूर्वी साठ आडते यायचे,
आता चार. बाकीच्यांची पोती
छापूनच येतात कुठूनतरी.

'काय शिकवतेत गं तिथं?'
अक्षरं, मी म्हणते.
'अजून आली नाहीत व्हय तुला?'

तिथं म्हणजे हाले, जर्मनीतलं.
पहिल्यांदा नाव ऐकून अण्णा म्हणाले होते,
हाले? मग पडत कसं नाही?
एके काळी मिठाचं गाव होतं म्हणे ते.
हळदीच्या गावची मी मिठाच्या गावात
फोडणी दिली की छतावरचं यंत्र बोंबलतं,
आणि मार्ता खुर्चीवर चढून
त्याला टॉवेलनं वारा घालते,
तापलेल्या पोराला घालावा तसा.

आईला हे आवडतं, पुन्हा सांगायला लावते.
तिचा प्रश्न एकच : दिवस बुडायच्या आत जेवतेस ना?
डिसेंबरात तिकडं सव्वाचारला बुडतो, आई,
तेव्हा मी वर्गात असते.
आणि जूनमध्ये साडेनऊला.
'मग जूनमध्ये तर मजाच की तुझी.'

पहिल्या सत्रात एक पूर्णांक तीन मिळाले.
तिकडं एक म्हणजे सगळ्यांत वर.
आईनं महिनाभर गल्लीत कुणाला सांगितलं नाही,
अण्णांनी सगळ्यांना सांगितलं : पास झाली.

जे सांगत नाही ते एवढंच,
की माझं काम भिंतीवर टाचलं की सगळे
हाताची घडी घालून 'इंटरेस्टिंग' म्हणतात
आणि ते चांगलं की वाईट
हे मला ट्राममध्ये, तिसऱ्या थांब्यानंतर कळतं.
की रविवारी फोन लावते तेव्हा
अण्णा तो कानालाच धरतात,
आणि व्हिडिओत मला अर्धा तास
नुसता कान दिसतो, पाळीवर पत्र्याचा चुरा.
मी बदला म्हणत नाही.

आज त्यांनी छिन्नी माझ्या हातात दिली.
काप, ळ काप.
मी तिकडं शिकल्यासारखी कापली,
गोल, सलग, घोटीव.
शेवटचा ठोका बसला
आणि ळची दोन्ही पोटं
खळ्ळकन खाली पडली.
पत्र्याला नुसतं एक मोठं भोक.

अण्णा हसले नाहीत.
त्यांनी जुना पत्रा काढला, 'हळद' लिहिलेला,
काळ्या रंगानं कडा जाड झालेला,
आणि ळच्या पोटाशी नख ठेवलं :
हितं पूल. आणि हितं.
तांदळाएवढं न कापलेलं सोडायचं,
त्यावरच पोट टिकतंय.
मी बोट लावून बघितलं. गार होतं.
कितीदा रंग खाल्ला असेल त्या तांदळानं.

जायच्या आदल्या रात्री
माझी बॅग ओसरीत आडवी पाडून
अण्णा तिच्यावर गुडघा टेकून बसलेले,
काजळी, रॉकेल, दाढीचा जुना ब्रश.
आई ओरडतेय, अहो नवी आहे ती!
लॉट नं. १. वजन २३ किलो. चौगुले. आणि खाली मोठ्ठं
हाले.

पत्रा उचलून त्यांनी जरा लांबून पाहिलं.
'एकही पूल लागला नाही बघ,' म्हणाले,
'सोपं गाव आहे.'

रंग ओला होता.
विश्रामबागेत बस आली तेव्हाही थोडा ओलाच,
ड्रायव्हरनं बॅग उचलली
आणि हाताकडे बघत विचारलं,
हळद आहे का ताई यात?

होती. पावशेर.